वायर फक्त दाखवत नाही

मागच्या सत्रात आपल्या मंडळाचा काव्यवाचनाचा कार्यक्रम झाला, तो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. हॉल बाहेरचा, भाड्याने घेतलेला होता आणि कवितांच्या स्लाइड्स माझ्या लॅपटॉपवर होत्या. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला मी एचडीएमआय केबल लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला आईचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळ्यांसमोर झळकला : "स्कॉलरशिपचे पैसे जमा झाले का गं? फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे." कोणी हसलं नाही, हे तुमचे उपकार. पण तो मेसेज बंद करेपर्यंत माझे कान गरम झाले होते.

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या टेक्निशियन भैयांना मी विचारलं, या वायरीतून माझं अजून काय काय बाहेर गेलं असेल? ते आपल्या हैदराबादी थाटात म्हणाले, "वायर क्या करती मॅडम, खाली दिखाती." म्हणजे, वायर काय करणार, ती नुसतं दाखवते.

उत्तर ऐकून मला बरं वाटलं. पण केबल काढण्याआधी लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेले, तर तिथे त्या टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेलं दिसलं. मी तर ते टाइप केलं नव्हतं. मग लॅपटॉपला ते सांगितलं कोणी? अर्थातच त्या वायरीने. जी वायर माझ्याकडून चित्र बाहेर नेत होती, तीच तिकडून काहीतरी आत आणत होती. हा लेख त्या 'काहीतरी'बद्दल आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, इंजिनिअर नाही. तरीही मला वाटतं की हा प्रश्न फक्त इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही, कारण स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचं काम आपण सगळेच दिवसभर करत असतो.

आधी वायर समजून घेऊ. एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांतल्या बऱ्याचशा चित्र आणि आवाज स्क्रीनकडे नेण्यासाठी आहेत. पण काहींचं काम वेगळं आहे. केबल लावली की स्क्रीन एका पिनेवरून 'मी इथे आहे' अशी खूण देते. मग लॅपटॉप दोन बारीक तारांवरून तिची चौकशी करतो : कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, किती बारीक चित्र झेपेल? स्क्रीन जे उत्तर देते त्याला ईडीआयडी म्हणतात. तो निदान १२८ बाइटांचा छोटासा मजकूर असतो. आणखी एक तार सीईसीची. एकाच रिमोटने टीव्ही आणि त्याला जोडलेला बॉक्स दोन्ही चालतात, ते तिच्यामुळे. २००९ साली आलेल्या एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत तर याच केबलमधून नेटवर्क नेण्याचीही सोय करून ठेवली गेली. आता आपल्या नव्या लॅपटॉपांना असतो तो टाइप-सी घ्या. चित्र, डेटा, चार्जिंग सगळं एकाच भोकातून. म्हणजे जिला आपण खिडकी समजतो, ते प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी उघडणारं दार आहे.

घरात याचं काही बिघडत नाही. उलट सोयच होते. पण जिथे संगणकात गुप्त नकाशे आहेत, परीक्षेचे पेपर आहेत, रुग्णांच्या नोंदी आहेत, तिथे या दाराचा विचार करावा लागतो. कारण आजची स्क्रीन ही नुसती काच राहिलेली नाही. तिच्या आत प्रोसेसर आहे, त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. २०१६ साली लास वेगासच्या डेफ कॉन परिषदेत आंग कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नामांकित कंपनीच्या मॉनिटरचं आतलं सॉफ्टवेअर बदलून दाखवलं. मग संगणक एक चित्र पाठवत होता आणि मॉनिटर त्यातले ठिपके बदलून भलतंच दाखवत होता. संगणकाला त्याचा पत्ताही नव्हता. स्मार्ट टीव्ही तर याच्याही पुढे गेलाय. तो स्वतःच वायफायला जोडलेला असतो.

आपण वर्गात अविश्वसनीय निवेदकावर तासन्‌तास बोलतो. कथा सांगणारा जे सांगतोय ते खरंच घडलं का, की तो काही लपवतोय, हे ओळीओळीत शोधतो. स्क्रीनसुद्धा एक निवेदकच आहे. यंत्राच्या पोटात काय आहे हे आपण कधीच पाहत नाही. स्क्रीन सांगते ते ऐकतो. फरक एवढाच की कादंबरीतल्या निवेदकावर आपण शंका घेतो आणि या निवेदकावर घेत नाही.

ही शंका हवेतली नाही, हे दाखवणारं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. 'ईसीआयएल क्रॉस रोड'ला जाणाऱ्या बसमध्ये आपण सगळे कधी ना कधी बसलोय. ते नाव ज्या कंपनीवरून पडलं ती इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया १९६७ साली अणुऊर्जा विभागाखाली सुरू झाली. देशाची मतदान यंत्रं दोनच कंपन्या बनवतात. एक बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि दुसरी ही. २०१० साली हैदराबादच्या नेटइंडिया कंपनीचे हरी प्रसाद, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रीप यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एका खऱ्या मतदान यंत्राची तपासणी केली आणि निष्कर्ष जाहीर केले. त्यांनी दाखवलेल्या दोन हल्ल्यांपैकी एक थेट आपल्या विषयाचा आहे. त्याला त्यांनी नावच 'अप्रामाणिक डिस्प्ले' या अर्थाचं दिलं होतं.

मतदान यंत्राचे दोन मुख्य भाग. मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट आणि मतदान अधिकाऱ्यासमोर असतं ते कंट्रोल युनिट. मतमोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवरचं निकालाचं बटण दाबलं की प्रत्येक उमेदवाराची मतं छोट्या डिस्प्लेवर एकामागून एक येतात आणि समोर बसलेले प्रतिनिधी ती कागदावर उतरवून घेतात. हा डिस्प्ले आतल्या मुख्य सर्किटवर नसतो. तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि काही तारांनी मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. संशोधकांनी हुबेहूब तसाच दिसणारा बोर्ड तयार केला. आकड्यांच्या खाली एक मायक्रोकंट्रोलर आणि ब्लूटूथ लपवलं. मुख्य बोर्ड खरे आकडे पाठवत होता, मधला चोर ते अडवत होता आणि मोबाइलवरून मिळालेल्या सूचनेप्रमाणे दुसरेच आकडे दाखवत होता. यंत्राच्या स्मृतीतली मतं जशीच्या तशी होती. खोटं बोलत होता तो फक्त शेवटचा, वितभर वायरीचा तुकडा.

यानंतर जे घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. २१ ऑगस्ट २०१० रोजी हरी प्रसाद यांना हैदराबादच्या त्यांच्या घरातून अटक झाली आणि मुंबईला नेण्यात आलं. ज्या यंत्राची तपासणी झाली ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेलं होतं, असा आरोप होता, आणि यंत्र कोणी दिलं हे पोलिसांना हवं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. साधारण आठवड्याने जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने त्यांना पायोनियर पुरस्कार दिला.

इथे दोन्ही बाजू नीट मांडायला हव्यात. सरकारी यंत्र हरवलं तर त्याचा तपास व्हायलाच हवा, यात वाद नाही. निवडणूक आयोगाचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. आयोग सांगतो की यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, त्याला सील असतात, ते पहाऱ्यात असतं, आणि प्रयोगशाळेत निवांत उघडलेल्या यंत्रावर जे करता आलं ते प्रत्यक्ष निवडणुकीत करणं वेगळं. कोणत्याही निवडणुकीचा निकाल अशा पद्धतीने बदलला, असं सिद्ध झालेलं नाही, आणि मीही तसं सुचवत नाही. शिवाय २०१३ नंतरच्या एम-३ यंत्रांमध्ये, उघडण्याचा प्रयत्न झाला तर यंत्र बंद पडावं अशी सोय आहे.

पण मुद्दा राहतोच. 'यंत्र कशालाही जोडलेलं नाही' हे वाक्य बाहेरच्या जगाबद्दल खरं होतं. आतली वायर त्या वाक्यात धरलेलीच नव्हती. आपण घराभोवती भिंत बांधली, पण स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामधल्या दाराचा विचार केला नाही, असं झालं. हार्डवेअरने वेगळं करायचं तर रेघ कुठे ओढायची, हा पहिला प्रश्न आहे. आणि ती रेघ बऱ्याचदा बाहेरच्या भिंतीपेक्षा शेवटच्या वायरीवर ओढावी लागते.

आता हे 'हार्डवेअरने वेगळं करणं' म्हणजे नेमकं काय? समजा एखाद्या संवेदनशील ठिकाणी संगणक आणि स्क्रीन जोडायचे आहेत. मध्ये एक छोटा बॉक्स बसवतात. सुरू होताना तो स्क्रीनची ओळख एकदाच वाचून स्वतःजवळ ठेवतो. नंतर संगणकाने विचारलं तर तो ही नक्कल दाखवतो, पलीकडच्या स्क्रीनपर्यंत प्रश्न जाऊच देत नाही. सीईसीची तार जोडलेलीच नसते. चित्र एका दिशेने जातं, परत काही येत नाही. फायलींसाठी याच तत्त्वाचं उपकरण वापरतात, त्याला डेटा डायोड म्हणतात : फायबरच्या एका टोकाला फक्त दिवा, दुसऱ्या टोकाला फक्त तो दिवा पाहणारा डोळा. उलट निरोप पाठवायला तिकडे दिवाच नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं सेटिंगमधून बंद करता येत नाही का? येतं. पण सेटिंग म्हणजे एक वचन आहे. ते आज दिलेलं असतं, उद्या अपडेट आलं की मोडू शकतं, परवा कोणी पासवर्ड मिळवला की बदलू शकतं. जी तार जोडलेलीच नाही, ती कुठल्याही पासवर्डने जोडली जात नाही. आमच्या चर्चमध्ये कन्फेशनसाठी जाळी असते. आवाज पलीकडे जातो, चेहरा जात नाही. फादर स्वतःहून डोळे मिटून घेतील, एवढ्यावर ती व्यवस्था सोडलेली नाही. मध्ये लाकूड बसवलंय. फादरांवर विश्वास नाही म्हणून ती जाळी नसते. विश्वास ठेवणं दोघांनाही सोपं जावं म्हणून असते.

अशी रेघ वेळेवर ओढली तर तिचा उपयोग होतो, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. २०१९ साली तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या एका संगणकात मालवेअर सापडल्याची बातमी आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने ऑक्टोबरच्या शेवटी ते मान्य केलं. तो संगणक प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेला होता. अणुभट्टीशी संबंधित आतलं नेटवर्क त्यापासून वेगळं ठेवलेलं होतं, असं महामंडळाने सांगितलं. एका बाजूला शिरलेला उंदीर दुसऱ्या बाजूला गेला नाही, कारण मध्ये बीळच नव्हतं.

मात्र एवढ्याने सगळं सुटतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वायर कितीही सुरक्षित केली तरी स्क्रीनसमोर बसलेला माणूस मोबाइलने फोटो काढू शकतो. १९८५ साली विम व्हॅन एक या डच संशोधकाने तर वायरीला हात न लावता, मॉनिटरमधून बाहेर पडणाऱ्या लहरी दुरून पकडून त्यावरचं चित्र उभं करता येतं हे दाखवून दिलं होतं. आणि मधल्या बॉक्सचं काय? तो कोणी बनवला, त्याच्या पोटात काय आहे? म्हणजे शंका एक घर पुढे सरकली, एवढंच.

म्हणून मला वाटतं की वायर तोडण्याबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, त्या वायरीतून न गेलेला दुसरा पुरावा. मी माझं पहिलं मत १३ मे २०२४ ला सिकंदराबाद मतदारसंघात दिलं. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसली आणि पेटीत पडली. ते ७ सेकंद मी श्वास रोखून पाहिले, खरं सांगते. ती चिठ्ठी तिथे आली त्यामागे मोठा इतिहास आहे. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी पुरावा अत्यावश्यक आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तो देशभर आला आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहणं सुरू झालं. २६ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण हरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी मागता येईल अशी वाट दिली. चिठ्ठीही यंत्रच छापतं, मान्य. पण ती मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली असते. निकालाच्या दिवशी डिस्प्ले खोटं बोलला, तर त्याला खोडून काढायला पेटीत कागद आहे. २०१० मध्ये तो नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणाऱ्याला मोकळीक. ज्या वस्तूची परीक्षा घेणाऱ्याला आपण आधी चोर ठरवतो, तिच्यावरचा विश्वास हा भीतीचा विश्वास असतो. असे प्रश्न विचारल्याने लोकांचा विश्वास डळमळतो, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. माझी आजी बाजारात नारळ वाजवून घेते. नारळवाला रागावत नाही. रागावला, तर आजी पुढच्या गाडीवर जाते. सरकारने, कंपन्यांनी, विद्यापीठांनी आपली यंत्रं बाहेरच्या जाणकारांना वाजवून पाहू द्यावीत, त्यासाठी सरळ, कायदेशीर दार ठेवावं. तसं दार असलं तर कुठलं यंत्र कुठून आलं हा प्रश्न पोलिसांपर्यंत जाणारच नाही.

आता आपल्याकडे येते. प्रत्येक सभागृहात असा बॉक्स बसवा असं मी म्हणत नाही. तो खर्च आणि तो खटाटोप कवितांच्या स्लाइड्ससाठी नाही. पण आपल्यापैकी बरेच जण उद्या शाळेत, बँकेत, वर्तमानपत्रात, सरकारी कार्यालयात बसतील. तेव्हा काही साध्या सवयी उपयोगी पडतील. ज्या संगणकावर पेपर, गुण किंवा कोणाच्या आजाराच्या नोंदी आहेत, तो स्मार्ट टीव्हीला किंवा अनोळखी प्रोजेक्टरला लावायचा नाही. दाखवण्यासाठी वेगळा लॅपटॉप ठेवायचा, ज्यात दाखवायच्या फायलींखेरीज काही नसेल. फक्त चित्र दाखवायचं असेल, तर डेटाही नेणारी टाइप-सी केबल अनोळखी स्क्रीनला लावायची नाही. स्क्रीनवरचा आकडा महत्त्वाचा असेल, तर तो आणखी कुठेतरी, दुसऱ्या वाटेने, लिहून ठेवलेला हवा. आणि मतमोजणीचं सभागृह, अतिदक्षता विभाग, वीज केंद्राची नियंत्रण खोली अशा ठिकाणी कोणी 'वायर काय करणार' म्हणालं, तर तिथे गप्प बसायचं नाही. परतीची तार कुठे तोडली आहे ते दाखवा, असं नम्रपणे पण स्पष्ट विचारायचं.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला मी माझा लॅपटॉप नेणार नाही. एका जुन्या लॅपटॉपमधलं सगळं पुसून त्यात फक्त स्लाइड्स ठेवल्यात. आईचे मेसेज माझ्या पर्समधल्या फोनवर येतील, तिथेच ते शोभतात. भैयांचं वाक्य मात्र मी विसरले नाही. वायरीने खाली दाखवावंच, दुसरं काही करू नये, हीच तर आपली अपेक्षा आहे. पण ती आपोआप पूर्ण होत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी परतीची तार कापावी लागते.